एल्कसाठी धनुष्याची साइट : पाच पिना, एकच पिन की मधलं काहीतरी?

गुलमोहर_फोर्टकॉलिन्स

मंडळी, धागा फार थोड्यांच्या कामाचा आहे हे माहीत आहे. पण अमेरिकेच्या पश्चिमेकडचे दोन-चार धनुर्धर इथे लपून बसलेत, त्यांना बाहेर काढायचंय.

सप्टेंबरात कोलोराडोत धनुष्याने एल्कच्या (सांबरासारखं मोठं हरीण) मागे जायचंय. हंटर एज्युकेशन झालं (१ जानेवारी १९४९ ला किंवा नंतर जन्मलेल्या सगळ्यांना सक्तीचं, म्हणजे सूट फक्त आजोबांना), परवाना हातात आहे. धनुष्य कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं), ६५ पौंडांचं. तयार संच घेतला त्यात पाच पिनांची साइट आली, २० ते ६० यार्ड. तिची चौकट प्लॅस्टिकची, पिना जाड, आणि सूर्य कलला की खालच्या दोन दिसतच नाहीत. बदलायची हे नक्की.

दुकानातला मुलगा म्हणतो, एका पिनेची सरकती साइट घ्या, चक्री फिरवा आणि नेमकं अंतर लावा. तिकडे व्हिडिओवाले सगळे तीन पिना अधिक सरकती अशी संकरित साइट लावून हिंडतात. बजेट तीनशे डॉलर, ताणून साडेतीनशे. जागा वेस्टर्न स्लोपवरची, म्हणजे रॉकी डोंगरांच्या पश्चिम बाजूची : खाली सेजब्रशचा माळ, वर नऊ-दहा हजार फुटांवर अ‍ॅस्पेन आणि स्प्रूसचं दाट रान.

काय घेऊ?

चिंचोके

प्रश्नातला एक शब्द कळला, 'सप्टेंबर'. बाकी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

रानवाटा_बॉयझी

चिंचोके आणि इतरांसाठी आधी थोडक्यात. कंपाउंड धनुष्याच्या दांड्याला पुढे नेम धरायला एक गोल चौकट बसवतात, तीच साइट, तिच्यात बारीक पिना असतात. पिनेच्या टोकाला फायबरचा ठिपका, बाहेरचा उजेड ओढून चमकणारा. प्रत्यंचेत एक छोटं कडं असतं, त्याला पीप म्हणतात. पीपमधून बघायचं, गोल चौकट त्या भोकात बरोबर मधोमध आणायची, ठिपका जनावरावर ठेवायचा. बाण गोळीसारखा सपाट जात नाही, म्हणून प्रत्येक अंतराला वेगळी पिन, नाहीतर एकच पिन वरखाली सरकवायची सोय.

आता गुलमोहर, तुमचा प्रश्न. सगळेजण 'किती लांब मारता येईल' यावरून साइट निवडतात, आणि एल्कच्या बाबतीत तिथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. सप्टेंबर म्हणजे माजाचा हंगाम. नर शीळ घालत तुमच्या आवाजावर येतो. पन्नास यार्डांवर झाडांमागे दिसला, रेंजफाइंडरने अंतर घेतलंत, चक्री पन्नासवर लावलीत, धनुष्य ओढलंत, आणि तेवढ्यात तो चालत तीसवर आला. आता काय? एका पिनेची साइट असेल तर धनुष्य सोडा, चक्री फिरवा, पुन्हा ओढा. तीस यार्डांवरच्या एल्कसमोर हे करून दाखवा, मी तुम्हाला जेवायला बोलावतो. ठरावीक पिना असतील तर नजर एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जाते, हात हलत नाही.

म्हणून दाट रानात, हाका घालून एल्क बोलवायचा असेल, तर किमान तीन ठरावीक पिना. ही माझी अट आहे, आवड नव्हे.

वाघीण_युटा

रानवाटांशी अर्धी सहमत. युटात मी बहुतेक म्यूल डिअर हरणांच्या मागे असते, उघड्या डोंगरावर. तिथे नर झुडपाखाली तासन् तास बसून असतो. तुम्ही सरपटत जवळ जायचं, अंतर घ्यायचं, चक्री लावायची आणि तो उठायची वाट बघायची. घाई काहीच नसते. अशा ठिकाणी एका पिनेसारखं सुख नाही. चौकटीत एकच ठिपका, बाकी सगळं मोकळं, जनावर पूर्ण दिसतं. पाच पिनांच्या गर्दीत दमलेल्या माणसाने चुकीची पिन लावलेली मी सोबतच्यांची पाहिली आहे.

प्रॉन्गहॉर्नचंही (माळावरचा काळविटासारखा प्राणी) तेच, पाणवठ्यावर आडोशात बसलात तर अंतर आधीच ठाऊक असतं.

रानवाटा_बॉयझी

वाघीण, मान्य. पण धागाकर्त्याने एल्क लिहिलंय आणि अ‍ॅस्पेनचं रान लिहिलंय.

वाघीण_युटा

सेजब्रशचा माळही लिहिलाय. नीट वाचत जा हो :)

टेकाडेबुवा

हे सगळं वाचून वाईट वाटलं. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली आणि इथे आपलीच मुलं परदेशात जाऊन नर बाणाने कसा पाडायचा याच्या चर्चा करताहेत. पोट भरायला दुकानात मांस मिळत नाही का?

मीठभाकर

बुवा, दुकानातलं मांस झाडाला लागत नाही.

वाघीण_युटा

टेकाडेबुवा, तुमचा आक्षेप समजतो. माझ्या आईचाही तोच आहे, दर दिवाळीला ऐकते. दोनच गोष्टी सांगते. इथे राज्य दरवर्षी कळप मोजून परवाने ठरवतं, आणि कित्येक भागांत ते सोडतीने मिळतात, वर्षानुवर्षं थांबावं लागतं. दुसरं, १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखाली बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. सत्तरच्या दशकात धनुष्यबाणही त्यात आले, धनुष्यावर ११ टक्के. आणि खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं गुन्हा आहे. तरीही तुम्हाला पटणार नाही, आणि ते ठीकच आहे.

टेकाडेबुवा

पटलं नाही. पण उत्तर सभ्य दिलंत, म्हणून गप्प बसतो. वेगळा धागा काढेन.

अर्धवट_पीएचडी

बुवांच्या धाग्यावर भेटूच. इथे मी आकडे टाकतो, कारण शिकार करत नसलो तरी गणित येतं.

बाण सेकंदाला २८० फूट सुटतो असं धरा. हवेचा विरोध सोडून दिलाय, डोळा बाणापेक्षा चारेक इंच वर धरलाय. प्रश्न असा की अंतर पाच यार्डांनी चुकलं तर बाण किती खाली लागेल?

वीसची पिन, जनावर पंचवीसवर : दोन इंचांच्या आत.
चाळीसची पिन, जनावर पंचेचाळीसवर : साडेचार-पाच इंच.
साठची पिन, जनावर पासष्टवर : सात इंच.

एल्कसाठी लोक जड बाण वापरतात, त्यांचा वेग याहून कमी, म्हणजे चूक आणखी वाढणार. शिवाय साठ यार्ड जायला बाणाला जवळपास पाऊण सेकंद लागतो. तेवढ्यात जनावर एक पाऊल टाकू शकतं, आणि त्याला कोणतीच साइट काही करू शकत नाही.

एका पिनेवाल्यांची एक युक्ती वाचली की पिन तीसवर लावून ठेवायची आणि अंदाजाने वरखाली नेम धरायचा. त्याचंही बघितलं. तीसच्या पिनेने वीसवर मारलं तर बाण तीनेक इंच वर लागतो, ठीक आहे. पण चाळीसवर सात-आठ इंच खाली. म्हणजे ही युक्ती पस्तीसच्या आतलीच.

रानवाटा_बॉयझी

पीएचडी पूर्ण करून टाका आता, मी शिफारसपत्र देतो.

एल्कच्या फुप्फुसांचा भाग मोठा असतो, वरखाली फूटभर तरी. मधोमध नेम धरला तर वर-खाली सहा-सहा इंच हातात. म्हणजे वीस-तीसवर अंतर थोडं चुकलं तरी निभतं, साठवर निभत नाही. म्हणून जवळच्या अंतरांना ठरावीक पिना पुरतात आणि लांबच्याला नेमकं अंतर लावायची चक्री लागते. संकरित साइट याच हिशेबातून आली. २०, ३०, ४० अशा तीन पिना कायम, आणि सगळ्यात खालची पिन चक्रीने पुढे न्यायची.

जुना_पट्टेवाला

मी मोंटानात साधं लाकडी धनुष्य वापरतो. साइट नाही, पीप नाही, चक्री नाही. बाणाकडे न बघता जनावराकडे बघायचं. पंचवीस यार्डांच्या पलीकडे बाण सोडायचाच नाही. कसला धागा आणि कसलं काय.

चिंचोके

पट्टेवालेकाका, आणि किती एल्क मिळाले?

जुना_पट्टेवाला

हवा फार छान असते तिथली.

नागपुरी_तडका

मी नागपुरातून वाचून राहिलो. शिकारीतलं काही समजत नाही, पण कंपाउंड धनुष्य म्हटलं की आमची छाती फुगते ना बाप्पा. २०२३ मध्ये बर्लिनला आमचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी, दोघंही एकाच दिवशी जगज्जेते झाले. ओजसने फायनलला दीडशेपैकी दीडशे मारले. त्यांच्या धनुष्याला तर भिंग असतं आणि एकच ठिपका. मग शिकारीला काहून इतक्या पिना?

वाघीण_युटा

तडकाभाऊ, मस्त प्रश्न. स्पर्धेत कंपाउंडचं अंतर कायम पन्नास मीटर, जमीन सपाट, लक्ष्य जागचं हलत नाही, आणि उजेड दिवसाढवळ्याचा. त्यामुळे एक ठिपका, मोठं करून दाखवणारं भिंग, लांब दांडा, सगळं चालतं. इथे अंतर तुम्ही ठरवत नाही, ते जनावर ठरवतं. 

पण एक वस्तू त्यांच्या आणि आमच्या साइटमध्ये सारखीच असते : चौकटीच्या तळाची पाणसळ. त्या थेंबभर बुडबुड्याबद्दल इथे अजून कोणी बोललं नाही, आणि माझ्या मते पिनांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचं ते आहे.

गुलमोहर_फोर्टकॉलिन्स

थांबा थांबा, बुडबुडा माझ्या साइटला आहे. मधोमध ठेवतो की मी.

वाघीण_युटा

सपाट अंगणात मधोमध राहतो. डोंगरउतारावर खाली नेम धरलात की तोच बुडबुडा खोटं बोलू शकतो. चौकट धनुष्याशी काटकोनात नसेल, आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला किंचित वळलेली असेल, तर सपाटीवर काहीच कळत नाही. तीव्र उतारावर तुम्ही बुडबुडा मधोमध आणता, म्हणजे प्रत्यक्षात धनुष्य तिरकं करता, आणि बाण डावी-उजवीकडे जातो. याला तिसरा अक्ष म्हणतात. तो जुळवायचा स्क्रू असलेली साइटच घ्या. स्वस्तातल्या बऱ्याच साइटना तो नसतो.

तपासायची रीत. गवंड्याचा असतो तसा ओळंबा घ्या, मी माझ्या मागच्या डेकच्या कठड्याला दोरा बांधून खाली नट लटकवते. दोऱ्यामागे मातीचा बांध किंवा भक्कम टार्गेट हवं. बाण लावल्याशिवाय धनुष्य ओढायचं नाही, आणि बोट ट्रिगरपासून (प्रत्यंचा सोडायची कळ) लांब. पूर्ण ओढून चौकटीची उभी कड दोऱ्याला समांतर धरा आणि बुडबुडा बघा. मग कमरेतून वाकून दोऱ्याच्या तळाशी नेम न्या. कड दोऱ्यालाच समांतर आहे, पण बुडबुडा एका बाजूला पळाला? मग तिसरा अक्ष चुकलाय. थोडंसं वळवा, पुन्हा बघा. कंटाळवाणं काम आहे, नवऱ्याला किंवा मैत्रिणीला बुडबुडा वाचायला उभं करा.

रानवाटा_बॉयझी

+१०००. जोडीला : उतारावर अंतर सरळ रेषेतलं धरायचं नाही, आडवं धरायचं. तीस अंशांच्या उतारावर चाळीस यार्ड दिसत असतील तर नेम साधारण पस्तीसचा. आजकालचे रेंजफाइंडर ही वजाबाकी करून देतात, फक्त ती सोय चालू आहे ना ते घरीच बघून ठेवा.

आयटीतला_भीम

अरे मग ती गार्मिनची साइट का नाही घेत? २०१८ पासून बाजारात आहे, साइटमध्येच रेंजफाइंडर, बटण दाबलं की अंतर मोजून बरोबर तिथे ठिपका पेटतो. अंतराची भानगडच संपली. धाग्याचा निकाल लागला.

रानवाटा_बॉयझी

भीमराव, निकाल लागला खरा, पण उलटा. कोलोराडोत धनुष्याला बॅटरीवर चालणारी अशी साइट लावता येत नाही. पश्चिमेतल्या इतर काही राज्यांतही असेच नियम आहेत, आणि पोप अँड यंग या धनुर्धर शिकाऱ्यांच्या क्लबच्या विक्रमांच्या नोंदवहीतही असा प्राणी घेत नाहीत. पिना उजळायचा छोटा दिवा साइटबरोबर फुकट येतो, तोही कोलोराडोत काढून घरी ठेवायचा. दर वर्षी त्या वर्षाची पुस्तिका वाचायची, मागच्या वर्षीची पाठ आहे म्हणून भागत नाही.

आयटीतला_भीम

च्यायला, म्हणजे बाण कार्बनचा चालतो, धनुष्याला चाकं चालतात, पण बॅटरी पाप?

जुना_पट्टेवाला

चाकंसुद्धा पापच.

वाळवणं

माझा नवरा एच-१बी वर आहे आणि त्यालाही हे खूळ शिरलंय. मुद्दाम धनुष्यच का, तर म्हणे बंदुकीची कागदपत्रं नकोत. खरं आहे का हे?

वाघीण_युटा

वाळवणं, बरंचसं खरं. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्यांना फेडरल कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. वैध शिकारीचा परवाना असला तर अपवाद आहे, म्हणजे आधी परवाना, मग बंदूक. धनुष्य त्या कायद्यात बंदूक नाही. पण शिकारीचा परवाना आणि हंटर एज्युकेशन दोन्हीकडे लागतंच. आणि त्यांना सांगा, धनुष्य स्वस्त पडेल या भ्रमात राहू नका.

वाळवणं

तो भ्रम क्रेडिट कार्डाच्या बिलाने आधीच फेडलाय.

मीठभाकर

अवांतर. एल्कच्या मांसाचं कोल्हापुरी सुकं अप्रतिम होतं. चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे मटणासारखं तासभर रटरटवलं की चामडं होतं. पुठ्ठ्याचे तुकडे पटकन परतायचे, नळीचं मांस मात्र कुकरला. तुमच्या भागात हरणांचा सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग असेल तर डोकं तपासणीला देऊन निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्येच ठेवा.

चिंचोके

आता धागा मला कळायला लागला.

गुलमोहर_फोर्टकॉलिन्स

मीठभाकर, आधी एल्क तर मिळू दे.

सगळ्यांचे आभार. मग संकरित घेतो, असं मन झालंय. पण दोन शंका. पिन किती बारीक घ्यावी? दुकानात ०.०१०, ०.०१९ आणि ०.०२९ इंच असे प्रकार दाखवले. आणि तीन पिनांऐवजी एकाच दांड्यावर दोन ठिपके असलेली साइट दिसली, ती कशी?

अर्धवट_पीएचडी

पुन्हा माझी पाळी. पिन डोळ्यापासून तीसेक इंचांवर धरली तर ०.०१९ ची पिन चाळीस यार्डांवर जवळपास एक इंच झाकते, साठवर सव्वा ते दीड. ०.०२९ ची चाळीसवरच दीड इंच झाकते. ०.०१० ची साठवर पाऊण इंच.

रानवाटा_बॉयझी

आकडे बरोबर, पण एल्क मोठा आहे, एक इंच झाकला गेला तर काही बिघडत नाही. बारीक पिनेला उजेड कमी पोचतो. कोलोराडोत सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकार करता येते, आणि एल्क नेमका त्याच कडेच्या वेळांना हलतो. स्प्रूसच्या सावलीत ०.०१० ची पिन शोधत बसाल. ०.०१९ घ्या, फायबर भरपूर लांब गुंडाळलेला असलेली. वरची पिन हिरवी ठेवा. आणि पीप फार बारीक असेल तर पाव इंचाचा करून घ्या, उजेडाची अर्धी तक्रार तिथेच मिटते. तुमच्या खालच्या दोन पिना दिसत नाहीत त्यात पीपचाही हात असेल.

दोन ठिपक्यांची साइट चांगली आहे. उभा एकच दांडा, वरचा ठिपका समजा तीसला, खालचा चाळीस-पंचेचाळीसला, आणि लांब जायचं तर चक्री. गर्दी कमी. वाघीणबाईंना तीच आवडेल.

वाघीण_युटा

तीच वापरते :) म्हणून तर गप्प होते.

गुलमोहर, संकरितचा एक धोका मात्र लिहून ठेवा. चक्री फिरवली की खालचीच नव्हे, सगळ्या पिना सरकतात. लांबवर नेम लावलात, जनावर निघून गेलं, चक्री तशीच राहिली, आणि अर्ध्या तासाने दुसरा नर वीसवर आला, तर वरची पिन आता वीसची नाहीच. म्हणून चक्री मूळ जागेवर आली की तिला टच्चदिशी थांबवणारी खुंटी असलेली साइट घ्या आणि बाण भात्यात परत गेला की हात चक्रीवर गेलाच पाहिजे, अशी सवय लावा. चष्मा लावतो तितकी आपोआप.

आणखी एक. अगदी लांबच्या आकड्यावर चौकट इतकी खाली येते की काही धनुष्यांत बाणाची पिसं तिला घासतात. घरी सगळ्यात लांबच्या खुणेवर लावून एकदा बघून घ्या.

गुलमोहर_फोर्टकॉलिन्स

आज दुकानात जाऊन आलो. तीनशेच्या आत ब्लॅक गोल्ड आणि एचएचएच्या जुन्या मॉडेलांवर सूट होती, स्पॉट हॉग माझ्या खिशाबाहेर गेली. शेवटी तीन पिनांची संकरित घेतली, ०.०१९, तिसरा अक्ष जुळवता येतो, मुळावर खुंटी आहे. दुकानदाराने पुन्हा एका पिनेवर ढकलायचा प्रयत्न केला. मी विचारलं, एल्क चालत आला तर? तो म्हणाला, थांबवायचा, 'म्याऽऽ' असा आवाज काढून.

रानवाटा_बॉयझी

त्याचं अगदीच चुकलं नाही. चालत्या एल्कला मादीच्या आवाजात हाक दिली तर बहुधा थबकतो. पण कुठे थबकेल ते तो तुम्हाला विचारून ठरवत नाही.

आता पुढचं. वीस आणि साठवर नीट नेम बसवा, मग त्या दोघांत जुळणारी मोजपट्टी साइटच्या चाकाला चिकटवा. साइटसोबत येणाऱ्या पट्ट्यांच्या गठ्ठ्यात तुमच्या बाणाच्या वेगाची एक असतेच. शिकारीला जे टोक लावणार त्याच टोकाने हे करा, सरावाच्या टोकाने नको. सगळे स्क्रू निळ्या लॉकटाइटने (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) बसवा आणि प्रत्येकावर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा, स्क्रूवरून चौकटीवर जाणारी. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय. डोंगरात हे सेकंदात दिसतं.

वाळवणं

नेलपॉलिश कोणत्या रंगाचं?

रानवाटा_बॉयझी

बायकोचं जे वाळत आलं असेल ते.

वाघीण_युटा

पांढरं घ्या. काळ्या चौकटीवर लाल संध्याकाळी दिसत नाही.

गुलमोहर_फोर्टकॉलिन्स

पांढरं नाही घरात, मोतिया आहे. चालेल ना?

वाघीण_युटा

चालेल. आणि तिसऱ्या अक्षाचं काम मोजपट्टी चिकटवायच्या आधी करा, नंतर केलंत तर सगळा नेम पुन्हा बसवावा लागेल.